नदीकडचा रस्ता

११ फेब्रुवारी

आज सकाळी पुन्हा बाबांचा फोन वाजला. म्हणजे बाबांचा मोबाइल. तो अजून फ्रिजवरच असतो आणि आई तो रोज चार्जिंगला लावते. का, ते मी विचारत नाही. उचलला तर एक बाई म्हणाल्या, "सर, मी बेकरीतून बोलतेय. मधे आजारी होते म्हणून आले नाही. उद्या सातला मैदानावर येऊ ना?"

"मी त्यांची मुलगी बोलतेय," मी म्हटलं. पुढचं वाक्य मला अजून नीट जमत नाही. "बाबा नाहीत" म्हटलं की लोकांना वाटतं, बाहेर गेलेत. एकानं तर "बरं, मग संध्याकाळी करतो" म्हणून फोन ठेवला होता. म्हणून आज सरळ सांगितलं, "ते गेले. गेल्या महिन्यात. न्यूमोनिया झाला होता."

पलीकडे कुणीतरी पावांचे ट्रे ओढत होतं, तेवढा खडखडाट. मग बाई म्हणाल्या, "पण माझं रिव्हर्स राहिलंय हो." आणि रडायला लागल्या. मी त्यांची समजूत घालत बसले. कपबशा विसळताना आठवलं तेव्हा हसूही आलं. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी हे चार जणांना तरी ऐकवलं असतं.

बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक पांढरी गाडी आणि एक बाबा. गाडीच्या दारावर लिहिलंय, 'चालवणे शिकवीले जाते'. माझं पोट मुद्रितं तपासण्यावर चालतं आणि माझ्याच बापाच्या गाडीवर 'वी' दीर्घ. किती वेळा म्हटलं, बदला. ते म्हणायचे, "वाचणाऱ्याला कळतंय ना? मग झालं." गाडी दारात उभी आहे. काचेवर धूळ बसलीय. तिच्याकडे न बघता फाटकातून बाहेर पडायला मी शिकलेय.

१३ फेब्रुवारी

प्रेसला बसने गेले. आजही उशीर झाला. मालकांनी घड्याळाकडे फक्त पाहिलं.

एका औषध कंपनीची पत्रकं तपासायची होती, मुंगीएवढ्या अक्षरातली. 'जेवणानंतर' आणि 'जेवणाआधी' यांची अदलाबदल झालेली सापडली. माझं लक्ष नाही असं मला वाटत होतं, पण डोळे आपलं काम करत राहतात.

बसचं काही नाही, पण बसमध्ये बोलायला कुणी नसतं. इतकी वर्षं बाबा मला प्रेसपर्यंत सोडायचे आणि संध्याकाळी घ्यायला यायचे. हे सुरू झालं मी भिंगरीला घेऊन परत या घरी आले तेव्हा. ती रांगत होती. तिच्या वडिलांनी दुसरीकडे घर मांडलं होतं आणि मी नवी नोकरी धरली होती. आई समोर असली की मी नीट असायचे, लेक समोर असली की आणखीच नीट. गाडीत बसलं की मात्र बांध फुटायचा. बाबा काही विचारायचे नाहीत. समोर बघत गाडी चालवत राहायचे. नशीब की त्यांनी तेव्हापासूनच मुख्य चौक सोडून नदीकडच्या रस्त्यानं जायला सुरुवात केली होती. तो वळसा लांबचा. प्रेस येईपर्यंत माझे डोळे सुकलेले असायचे. नाहीतर रोज लाल डोळ्यांनी मालकांसमोर जावं लागलं असतं.

पुढे मी रडायची थांबले तरी रस्ता तोच राहिला. चौकातल्या गर्दीचा त्यांना वयानं त्रास होत असावा. एवढा पट्टीचा ड्रायव्हर, पण तोंडानं कबूल कोण करणार.

२० फेब्रुवारी

गुरुवार. सकाळी दारात एक उंच माणूस उभा, शहर बसच्या खाकी शर्टात. म्हणाला, "मी सरांचा अगदी पहिला विद्यार्थी. बस चालवतो. बेकरीत कळलं, सरांचे काही जण अर्धवट राहिलेत. माझ्याकडे लायसन आहे शिकवायचं, सरांनीच काढायला लावलं होतं. मला गुरुवारी आणि रविवारी सुट्टी असते. तेवढे पुरे करून देतो. गाडी द्याल का?"

मी आईकडे पाहिलं. आईनं किल्ली आणून टेबलावर ठेवली.

किल्ली उचलताना त्यांनी मला सहज विचारलं, "तुम्हाला तर येतच असेल. मग तुम्हीच का नाही फिरवत? बॅटरी उतरेल ना अशानं."

"मला येत नाही."

पोहायला शिकवणाऱ्याच्या घरात कुणी बादलीत बुडालेलं सापडावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आई आत गेली आणि विनाकारण भांडी लावत बसली.

२३ फेब्रुवारी

तो प्रश्न डोक्यातून जात नाही. बाबांनी अर्ध्या गावाला शिकवलं. डॉक्टर, दूधवाले, शाळेच्या मुख्याध्यापक बाई, ऐंशीला टेकलेला एक म्हातारा, ज्याला मरायच्या आधी एकदा गाडी चालवायचीच होती. फक्त मला नाही.

मी विचारलं नव्हतं असं नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी म्हटलं होतं, "बाबा, मलाही शिकवा, तुमचा रोजचा हेलपाटा वाचेल." ते म्हणाले, "मी आहे ना." नंतर दोन-तीनदा विषय काढला. कधी टायर नवे टाकायचे होते, कधी विद्यार्थी फार होते. मग मीच सोडून दिला. मला वाटतं, त्यांना माझी खात्री नव्हती. त्या काळात माझ्या हातून रोज काही ना काही पडायचं, फुटायचं. अशा मुलीच्या हातात कोण स्टिअरिंग देईल? त्यांचं बरोबरच होतं. पण आता ते नाहीत आणि विचारायची सोय नाही, तेव्हा हे असं मधेच टोचतं.

भाऊ लांब असतो. त्याचा फोन आला होता. म्हणाला, "गाडी काढून टाक. नुसती उभी राहून सडेल." मी हो म्हणणार होते. तोंडातून निघालं, "मी शिकतेय." त्याच्याइतकाच मलाही धक्का बसला.

२ मार्च

पहिला धडा. बंद कारखान्यामागचं मैदान. बाबांची सगळी मुलं (साठीच्यांनाही ते मुलंच म्हणायचे) इथेच शिकली. मी सवयीनं शेजारच्या सीटवर बसायला गेले. बसवाले दादा म्हणाले, "तिकडे मी. तुम्ही इकडे."

शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक आहे, शिकवणाऱ्यासाठी. रोज त्या सीटवर बसताना मी पाय आखडून घ्यायचे, चुकून लागू नये म्हणून. आज पाय पसरायला जागा होती, तर ते आपोआप आखडत होते.

गाडी बंद पडली. पुन्हा पडली. क्लच हळू सोडा, ते म्हणत होते, मी हळूच सोडत होते, आणि गाडी बेडकासारखी उडी मारून गप्प. मग एकदाची चालली, आणि चालली ती थेट भिंतीच्या दिशेनं. मला ब्रेक सापडेना. दादा शांतपणे म्हणाले, "काल काय जेवलात?"

आणि त्यांच्या बाजूच्या ब्रेकनं गाडी थांबली.

मी विचारलं, "हे असं का विचारलंत?"

"सरांची पद्धत. गाडी कुठेतरी घासणार असं दिसलं की ते घाबरायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. जेवणाचं विचारायचे. आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनी जेवणाची चौकशी केली की समजायचं, आता काही खरं नाही."

मला ठाऊक नव्हतं. गाडीत मी त्यांच्याशेजारी इतकी वर्षं बसले आणि मला हे ठाऊक नव्हतं. माझ्याबरोबर असताना गाडी कधी घासायची वेळच आली नाही. मी तिथेच, भिंतीसमोर, स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. दादा खाली उतरून टायर बघत उभे राहिले. टायरात बघण्यासारखं काही नव्हतं.

९ मार्च

गाडी तीनदाच बंद पडली. प्रगती म्हणायची.

भिंगरीचं मला काही कळत नाही. आजोबांची एवढी लाडकी, आणि बाबा गेले तेव्हापासून तिच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलेलं नाही. सकाळी उठून कुठेतरी निघून जाते, बुटांना धूळ लावून परत येते. विचारलं तर म्हणते, "चालायला." अठराव्या वर्षी मनाला काही लागतच नाही बहुतेक, आणि ते बरंही आहे. घरात आजोबांचा करडा स्वेटर घालून फिरते. म्हटलं, अगं, मार्च आहे, घाम येतोय तुला. म्हणाली, "मला थंडी वाजते." स्वेटर धुवायला टाक म्हटलं तर खेकसली. शिष्ट झालीय.

१६ मार्च

बेकरीवाल्या बाईंची टेस्ट झाली. पास. रिव्हर्ससकट. त्यांनी दुपारी बेकरी बंद ठेवून सगळ्यांना बोलावलं होतं. मला वाटलं, पाच-सात जण असतील. मागच्या भट्टीच्या खोलीतही माणसं उभी होती.

सगळे बाबांबद्दल बोलत होते आणि मी हातात बशी धरून एका पिठाच्या पोत्यावर बसून ऐकत होते. एक नर्स म्हणाली, नवऱ्यापासून लपून शिकत होते, तर सर माझ्या घराच्या दोन गल्ल्या अलीकडे उभे राहायचे आणि बॉनेट उघडून बिघाड शोधायचं नाटक करायचे. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "मी एकदा पोलिसाच्या मोटारसायकलला धक्का दिला. सर खाली उतरले आणि म्हणाले, साहेब, या बाईंनी तुमच्या मुलाला पाढे शिकवलेत. पोलीस म्हणाला, मला मुलगा नाही. सर म्हणाले, होईल तेव्हा शिकवतील." सगळे हसले. मीही हसले. पण खरं लिहायचं तर मला थोडा हेवाही वाटला. हे बाबा मला भेटलेच नव्हते. माझे बाबा गाडीत फार बोलत नसत. आम्ही दोघं गप्प बसायचो, पाणी बघायचो, एखादा बगळा दिसला तर ते बोट दाखवायचे. बस्स.

निघताना बसवाले दादा म्हणाले, "मला बसवर नोकरी लागली तेव्हा पेढे द्यायला गेलो होतो. सरांना आनंद झाला, पण म्हणाले, बघ, आपला धंदा कसला आहे. चांगलं शिकवलं की माणूस परत येत नाही. मी म्हटलं, येईन की सर दर आठवड्याला. ते म्हणाले, येऊ नकोस, त्यातच माझं नाव आहे." दादांनी पायात चपला सरकवल्या. "आणि मी खरंच गेलो नाही हो. वर्षानुवर्षं गेलो नाही."

मी म्हटलं, "बाबांना वाईट वाटलं नसेल. त्यांना सवय होती."

२७ मार्च

आज जे झालं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. तिच्या मोतीबिंदूची वर्षभरानंतरची तपासणी. दादा माझ्याशेजारी, आई मागे. जाताना सगळं छान. "डोळे अगदी नव्यासारखे आहेत," डॉक्टर म्हणाले. येताना पुलाच्या चढावर सिग्नल लागला. गाडी उचलायची वेळ आली आणि मागे घसरायला लागली. बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा घसरली. मागे हॉर्नचा कल्लोळ. एक टेम्पोवाला डोकं बाहेर काढून माझ्या घराण्याची चौकशी करत होता. दादा सांगत होते, "हँडब्रेक ओढा, अर्धा क्लच, आता थोडा ॲक्सिलरेटर," आणि माझ्या हातापायांना काही ऐकूच येत नव्हतं. मी हँडब्रेक ओढून हात वर केले. "मला नाही जमत."

मागचं दार उघडलं. आई उतरली, पदर खोचला, माझ्या दाराशी आली आणि म्हणाली, "सरक."

"आई, काय करतेस?"

"मागे जाऊन बस. लोक खोळंबलेत."

दादा काही बोलायला गेले, पण तोवर आई बसली होती. सीट पुढे ओढली, आरसा तिच्या उंचीला केला, पाय ठेवले, आणि गाडी केसभरही मागे न जाता चढली. पूल उतरून पलीकडे तिनं झाडाखाली गाडी कडेला लावली, हँडब्रेक ओढला, गिअर काढला आणि किल्ली माझ्या हातात दिली. "आता तू घे. माझ्या लायसनची मुदत कधीच संपलीय, कुणी पकडलं तर शोभा व्हायची."

दादा हळूच म्हणाले, "अगदी सरांसारखा क्लच सोडला."

३० मार्च

आज आईला धरून बसवलं. ती मटार सोलत होती, मीही सोलायला घेतले.

"तुला कुणी शिकवलं?"

"आता तुझ्या बापाशिवाय कोण शिकवणार? सगळ्यांत पहिली मी. बसवाला उगाच पहिलेपणा मिरवतो."

मग तिनं सांगितलं. बाबा आधी ट्रकवर होते हे मला माहीत होतं. ट्रक का सोडला ते नव्हतं. मी नुकती चालायला लागले होते. ते एकदा लांबच्या खेपेवरून आले, दाढी वाढलेली, आणि मला घ्यायला वाकले. मी किंचाळून आईच्या पायांमागे लपले. कितीही चुचकारलं तरी त्यांच्याकडे जाईना. "ते बाहेर पायरीवर जाऊन बसले," आई म्हणाली. "चहासुद्धा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मालकाला किल्ली देऊन आले. म्हणाले, आता रोज रात्री घरी जेवायला असेन असंच काम करायचं. गाडीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. मग हे काढलं. शिकवायचा सराव हवा म्हणून आधी मला शिकवलं."

"मग तू सोडलंस का? मी तुला कधीच चालवताना पाहिलं नाही."

आईनं एक शेंग उघडली, आत किडका दाणा निघाला, तो बाजूला टाकला. "शिकले आणि बाजार, बँक, दवाखाना, सगळं माझं मी करायला लागले. ते त्यांच्या कामाला, मी माझ्या. एक दिवस लक्षात आलं, आम्ही दोघं शेजारी असे बसलोच नव्हतो किती दिवसांत. आणि तो माणूस ट्रक सोडून आला होता तो कशासाठी? मग मी म्हटलं, माझी पाठ धरते, तुम्हीच चालवत जा."

"खरंच धरायची?"

"छे."

मी हसले. आईची हुशारी. आयतं बसून फिरायला मिळालं.

ती म्हणाली, "हसतेस काय? तुझ्या वेळेला मी त्यांना म्हटलं होतं, शिकवा तिला. ते हो म्हणाले. मग टायर, मग अमुक, मग तमुक. मी पुन्हा नाही बोलले." आणि उठून मटार धुवायला गेली.

म्हणजे आईचीही शिफारस होती, तरी त्यांना माझा भरवसा वाटला नाही. असो.

१९ एप्रिल

पास झाले. चढावरही थांबून उचलली. टेस्ट घेणारे साहेब बाबांना ओळखत होते. कागदावर सही करताना म्हणाले, "तुमच्या वडिलांचा विद्यार्थी मी कधी नापास केला नाही." मी सांगितलं नाही की मी त्यांची विद्यार्थी नाही. घरी आल्यावर वाटलं, सांगायला हवं होतं, आणि मग वाटलं, बरं झालं.

२१ एप्रिल

आज पहिल्यांदा एकटीनं प्रेसला गाडी नेली. दादांनी बजावलं होतं, सुरुवातीला सरळ आणि सोपा रस्ता धरा, मुख्य चौकातून जा. मला चौकाची धास्ती होती. काही नव्हतं तिथे. रुंद रस्ता, दोन सिग्नल, की आलं प्रेस. मी फाटकाबाहेर बसून राहिले. इतकं जवळ? रेडिओवरचं एक गाणंही पुरतं संपलं नव्हतं.

दादांना विचारलं, चौकात पूर्वी फार गर्दी असायची का? म्हणाले, "छे हो, गावातला सगळ्यांत सोपा चौक. सर नवशिक्यांना पहिल्यांदा तिथेच आणायचे."

मग ते स्वतः का टाळायचे, देव जाणे. लांबचा रस्ता, पेट्रोल जास्त, आणि वर संध्याकाळी घ्यायला येतानाही तोच. माणसाच्या काही सवयी असतात, त्यांना कारण नसतं.

तरी घरी येताना मी आपोआप नदीकडे वळले.

१० मे

भिंगरीला जनावरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. इथे नाही, तिकडे, दिवसभराच्या अंतरावर. इथल्या कॉलेजात काय वाईट आहे? तिचं म्हणणं, इथे जनावरांचं नाहीच. मी म्हटलं, माणसांचं कर. त्यावर तिनं असं पाहिलं की मी विषय बदलला.

मी तिला अडवत नाहीये. फक्त सगळ्या बाजूंनी विचार व्हावा एवढंच. तिकडचं पाणी कसं असेल, जेवण कसं असेल. हिला साधी सर्दी झाली तरी हाक मारते मला.

१८ मे

भिंगरी म्हणाली, "आता तुला गाडी येते, तर मला घेऊन चल ना मैदानावर. माझं थोडंच राहिलंय."

"काय राहिलंय?"

ती गडबडली. मग सांगून टाकलं. नोव्हेंबरात अठराची झाली, त्याच आठवड्यात आजोबांनी तिला लर्निंग लायसन काढून दिलं आणि शिकवायला सुरुवात केली. आजारी पडेपर्यंत. मला सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं. ती रोज सकाळी जाते ती मैदानावरच जाते, आजोबांनी चुन्यानं आखलेल्या रेषा अजून आहेत म्हणे, त्यांवरून चालून येते.

मला राग आला. राग म्हणजे, काय म्हणावं, लहान मुलीला येतो तसा. "मला इतक्या वर्षांत नाही, आणि तुला लगेच?"

"मी पण हेच विचारलं त्यांना."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझ्या आईला शिकवायचं मला जमलं नाही."

"म्हणजे मी शिकण्यासारखी नव्हते?"

"मला काय माहीत? मी पुढे विचारणार होते, पण ते खिडकीबाहेर बघायला लागले आणि मग मला म्हणाले, काल काय जेवलीस?"

बहुतेक हिनं गाडी कुठेतरी कडेला घातली असणार.

भिंगरी माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी बोलेन अशी वाट बघत असल्यासारखी. मग तिनं स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं आणि आत गेली. जरा वेळानं तिच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. इतक्या महिन्यांनी आज. मी रागावून बोलले, त्याचं मनाला लावून घेतलं असणार. मी जाऊन शेजारी बसले. पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

७ जून

भिंगरीला मागे गाडी घेणं अजून जमत नाही. दादा म्हणाले, आणखी दोन धड्यांत टेस्टला पाठवू. मी म्हटलं, घाई काय आहे? पाया पक्का होऊ दे. मग या आठवड्यात दादांना वेळ होता तर मला प्रेसचं काम निघालं, आणि रविवारी आकाश जरा ढगाळ होतं. आई सगळं ऐकत होती. म्हणाली, "टायर पण बघून घे हो एकदा."

टायर चांगले आहेत. तिला काय झालंय कोण जाणे.

हल्ली संध्याकाळी भिंगरीला लायब्ररीतून आणायला मी गाडी घेऊन जाते. चौकातला रस्ता गेल्या महिन्यात खणला होता, म्हणून नदीकडून येतो. बुजवला म्हणतात, पण खड्ड्यांचा काय भरवसा. ती पाय वर घेऊन बसते आणि बोलत राहते, किंवा बोलत नाही. दोन्ही चालतं.

२० जून

भिंगरी पास झाली. आईनंच दादांना फोन करून परस्पर टेस्टची तारीख घ्यायला लावली होती.

पोरगी गाडीतून उतरली ती धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मी तिला म्हटलं, छान, छान. आणि घरी आल्यावर तिच्या सामानाला लेबलं लावत बसले. एका लेबलावर मी तिचं नाव चुकीचं लिहिलं. पोटच्या पोरीचं. मी, जिनं गावभराच्या वेलांट्या दुरुस्त केल्या.

१२ जुलै

काल भिंगरीला पोचवून आले. आम्ही दोघीच. आई म्हणाली, इतकं बसणं मला झेपणार नाही. अर्ध्या वाटेपर्यंत मी चालवली, मग तिनं. पहिल्यांदा मी बाबांच्या शिकवायच्या सीटवर बसले आणि पोटचं लेकरू चालवत होतं. मोठा रस्ता, बाजूनं ट्रक. पाय त्या जादा ब्रेकवर तरंगत होता. एकदा एक ट्रक अगदी जवळून गेला, माझा पाय दाबायला निघाला, आणि तिनं वेग कमी करून त्याला नीट पुढे जाऊ दिलं. आरशात बघून. तेव्हा मी पाय उचलून मागे घेतला. पोचेपर्यंत पुन्हा ठेवला नाही.

वसतिगृहाची खोली लहान आहे, खिडकी चांगली. खाली गोठे. तिची जोडीदारीण आधीच आलेली, केस विंचरत होती. मी गादी उलटून बघितली, नळ सोडून बघितला, मग बघण्यासारखं काही उरलं नाही. फाटकाशी भिंगरी म्हणाली, "आई, अंधार व्हायच्या आत नीघ. मुक्कामाला मावशीकडे थांब, आणि उद्या सावकाश जा." मला सूचना द्यायला लागली. मी गाडी वळवली तेव्हा ती हात करत होती. आरशात बघितलं तर पाठ फिरवून आत चालली होती, पाठीवर तो करडा स्वेटर, बाह्या गळ्याशी बांधलेल्या. तिनं मागे वळून पाहिलं नाही. चालायची लकब थेट बाबांची.

आज सकाळी बहिणीकडून निघाले. शेजारची सीट रिकामी. एवढ्या रस्त्यावर मी पहिल्यांदाच एकटी. थोडं अंतर गेल्यावर मी बोलायला लागले. बाबांशी. मोठ्यानं. बेकरीवाल्या बाईंनी पाव पोचवायला व्हॅन घेतली ते सांगितलं. आईनं पुलावर काय केलं ते सांगितलं, ते तुम्हाला माहीतच असणार म्हटलं. विचारायचं होतं तेही विचारलं, मला का नाही शिकवलंत. विचारल्यावर उत्तराची एवढी गरज वाटेना. तुम्ही इथे असता तर मी आत्ताही तिकडे बसले असते आणि तुम्ही इकडे, आणि मला तेच आवडलं असतं, असं म्हटलं. म्हणताना समोरचं धूसर झालं, म्हणून गाडी कडेला घेतली. पाणी प्यायले. मग निघाले.

घरी आले तेव्हा ऊन उतरत होतं. आई फाटकात उभी होती. किती वेळची कोण जाणे. मी काच खाली केली.

"पोचली?"

"पोचली. खोली चांगली आहे."

"रडली?"

"ती नाही."

आईनं मान हलवली. मी गाडी आत घ्यायला लागले तर तिनं पलीकडचं दार उघडलं आणि शेजारी येऊन बसली. चपला काढून पाय वर घेतले.

"कुठे जायचंय?" मी विचारलं.

"कुठे नाही. दिवसभर घर खायला उठलंय. ने जरा."

मी नेलं. बाजारातून, शाळेवरून, मैदानाच्या कडेनं. तिकडे कुणीतरी शिकत होतं, गाडी उड्या मारत होती. आईनं भिंगरीच्या खिडकीबद्दल विचारलं, गोठ्यांबद्दल विचारलं. मग तिचे प्रश्न थांबले. बघितलं तर झोप लागली होती. मान माझ्या बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं. काल रात्रभर जागीच असणार.

घर समोर आलं. फाटक उघडंच होतं. मी वेग कमी केला, आणि मग तिची झोपमोड नको व्हायला म्हणून तशीच पुढे जाऊन आणखी एक चक्कर घेतली.